सावली पडली लुबर्टकडे

मार्चमध्ये डाउवेच्या उजव्या खांद्यावरचा काळा तीळ काढला, त्याच्याबरोबर काखेतल्या गाठीही काढल्या, आणि तेव्हापासून डाउवेच्या तोंडून 'पुढच्या वर्षी' हे शब्द निघाले नाहीत. विट्स्केच्या हे फार लवकर लक्षात आलं. सफरचंदाचं झाड कधी छाटायचं, असं तिने विचारलं तर तो म्हणायचा, "बघू." मुलगी यिल्दाउ फोनवर म्हणाली, "बाबा, नाताळात आमच्याकडे या," तर म्हणाला, "बघू की." बुटांचे तळवे झिजून पार कागद झाले होते. नवे घे म्हटलं, तर "हे पुरतील" म्हणून उठून गेला. पुरतील कशाला आणि कुठवर, ते विचारायची विट्स्केला भीती वाटली. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तिला नवऱ्याची अशी भीती कधी वाटली नव्हती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. "कातडीचा कॅन्सर तूर्तास सगळा निघालाय. दर तीन महिन्यांनी या. आणि ऊन टाळा. उन्हाळ्यात सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा सावलीत बसायचं, अंगभर कपडे, डोक्यावर टोपी." मग फाइलमध्ये बघून म्हणाल्या, "घरं रंगवायचात ना तुम्ही? म्हणजे जन्मभर उन्हातच काम."

"नाही," डाउवे म्हणाला. "ओल्या रंगाला ऊन चालत नाही."

डॉक्टरीणबाईंना त्याचा काही बोध झाला नाही. विट्स्केचंही तिकडे लक्ष नव्हतं. ती 'तूर्तास' या शब्दाला अडखळून बसली होती.

आता ऊन टाळा म्हणणं सोपं. पण आमच्या या उत्तरेकडच्या थंड भागात ऊन वर्षातून मोजके दिवस येतं, आणि आलं की माणसं हातातली कामं टाकून त्याच्याकडे तोंड करून बसतात. त्यातही डाउवे नंबर एक. फ्रानेकर गावात एकेचाळीस वर्षं त्याने लोकांची दारं-खिडक्या रंगवल्या आणि दर जुलैत तीन आठवडे फ्लीलँड बेटावरच्या तंबूंच्या मैदानात, सत्तेचाळीस नंबरच्या जागेत, अर्ध्या चड्डीवर पडून काढले. सकाळी पाठ, दुपारी पोट. परत यायचा तेव्हा त्याने स्वतःलाच दोन हात वॉर्निश मारलंय असं वाटायचं. अशी एकतीस वर्षं.

सत्तेचाळीस नंबर म्हणजे वाळूच्या दोन टेकड्यांमधली जेमतेम आठ पावलांची जागा. पण तिच्यासाठी लोक अकरा-अकरा वर्षं यादीत थांबतात. जुन्या माणसांचा हक्क पहिला. जुलैच्या तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत एक कागद भरून ऑफिसच्या पेटीत टाकायचा. त्यावर एकच प्रश्न असतो, पुढच्या वर्षी हीच जागा हवी का? कागद पडला नाही तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाते, आणि तिथे ओळखदेख चालत नाही.

"यंदा कागद नको टाकू," मे महिन्यात डाउवे म्हणाला. "जागा कुणातरी तरण्या माणसाला मिळू दे. मी तिथे तळघरातल्या बटाट्यासारखा अंधारात बसायला येणार नाही."

विट्स्के कपड्यांना इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी ठेवली.

"दहा दिवस चल," ती म्हणाली. "सावलीचं मी बघते. तुला बसवेल अशी सावली झाली नाही, तर तो कागद कोरा राहील आणि मी त्यावर चकार शब्द काढणार नाही."

"तू?" डाउवे हसला, पण ते हसणं काही धड नव्हतं. "एकतीस वर्षांत तंबूची एक खुंटी तरी ठोकलीयस का?"

ते खरं होतं. सगळं उभारायचा तो. ती काठी धरून उभी राहायची आणि झालं की कॉफी करायची. आता त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. जुनी कापडी पडवी, तिचे लोखंडी खांब, सगळं मिळून एकोणीस किलो. बेटावर पाहुण्यांच्या गाड्या नेऊ देत नाहीत. बोटीतून उतरायचं आणि सामान हातगाडीवर टाकून वाळूतून ओढत न्यायचं. ते ओढणारी आता विट्स्केच होती, आणि ती अडुसष्ट वर्षांची होती.

ती एकटीच बसने लीवार्डनला गेली. तंबूच्या दुकानात तिने तीन तास काढले. दुकानातल्या मुलीने आधी घडीचा मांडव दाखवला. चार पाय ओढले की छत उभं! विट्स्के खूश झाली, मग तिने तो उचलून बघितला.

"किती भरतो?"

"चौदा किलो, बाई. पण पिशवीला चाकं आहेत."

"वाळूत चाकं?" विट्स्के म्हणाली. मुलीने मांडव मिटून ठेवला.

मग आली आपोआप उघडणारी शिंपली. हवेत भिरकावली की फटकन तंबू होतो. झालाही. पण तो परत मिटताना त्या मुलीला आधी गुडघा लावावा लागला, मग दुसऱ्या पोरीला हाक मारावी लागली, आणि दोघी मिळूनही ती गोल पिशवीत जाईना. शिवाय आत मांडी घालून बसलं तरी डोकं छताला लागत होतं. डाउवे याला काय म्हणेल ते विट्स्केला न विचारताच कळलं. कुत्र्याचं घर म्हणेल.

शेवटी सगळ्यात खालच्या फळीवर नुसती कापडं होती. चौकोनी, तीन मीटर बाय तीन, कडेला पितळी भोकं. किंमत एकोणचाळीस युरो, वजन सव्वा किलो. विट्स्के एक पांढरं कापड घेऊन खिडकीपाशी गेली. मागे हात धरला तर पाचही बोटं दिसत होती. ते तिने परत ठेवलं. दुसरं निळं होतं, त्यातूनही अंगठा दिसला. तिसरं ओल्या वाळूच्या रंगाचं, आतून चंदेरी लेप दिलेलं. त्याच्यामागे तिने हात हलवला, मूठ केली, बोटं पसरली, तरी काही दिसलं नाही.

"हे द्या," ती म्हणाली.

"याला खांब वेगळे घ्यावे लागतील, बाई." मुलीने खांब दाखवले. खांब कापडाच्या दुप्पट भावाचे होते.

"खांब आहेत माझ्याकडे," विट्स्के म्हणाली. नव्हते, पण मनात एक विचार आला होता.

तो विचार त्यांच्या मागच्या खोपटात टांगलेला होता. भिंतीवर उंच रंग लावायला रंगाच्या रोलरला जोडायच्या, एकातून एक सरकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या काठ्या. अशा चार होत्या. हव्या तेवढ्या लांबवायच्या, पिळायच्या, की घट्ट बसतात. एका हाताने उचलतील इतक्या हलक्या. टोकाला रोलर फिरवून बसवायचे आटे, आणि ते टोक कापडाच्या पितळी भोकात बसलं. डाउवेला न सांगता तिने त्या पुसून घेतल्या. जुन्या रंगाचे थेंब निघाले नाहीत. पांढरे, बाटलीसारखे हिरवे, आणि एका काठीवर चर्चच्या दाराचा तांबडा. ते तिने तसेच राहू दिले.

वाळूत खुंटी टिकत नाही, हे तिला एकतीस वर्षं बघून माहीत होतं. वारा आला की खुंटी अलगद वर येते. म्हणून तिने जुन्या पडद्याच्या आठ पिशव्या शिवल्या. रिकाम्या न्यायच्या, तिथे वाळूने भरायच्या, दोरी बांधून कोपरभर खोल पुरायच्या. वजन काही नाही आणि खर्चही नाही.

जूनमध्ये परसात तिने सात दिवस सराव केला. पहिल्या दिवशी सगळं तिच्या डोक्यावर पडलं. तिसऱ्या दिवशी उभं राहिलं, पण पोटात झोळ आला. सातव्या दिवशी एकटीने अठरा मिनिटांत उभारलं आणि त्याखाली खुर्ची टाकून ती ऐटीत बसली. डाउवेने हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं आणि वर्तमानपत्र उलटलं. त्या सातही दिवसांत आकाश दुधाच्या पातेल्यावरचं झाकण घातल्यासारखं बंद होतं. आमच्याकडचा जून तसा असतोच. आपण सावली उभारतोय आणि ऊन काही बघितलं नाही, हे तिच्या एकदाही मनात आलं नाही. मनात यावं तरी कसं? ऊन आलं की काय करायचं, हे आमच्यात कुणी कुणाला शिकवत नाही. सगळ्यांना वाटतं, ते येतंच.

बेटावर ते बुधवारी उतरले. हातगाडी विट्स्केने ओढली, डाउवेने डाव्या हाताने मागून रेटली. टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. दोन दिवस ढग होते. डाउवे तंबूच्या दारात बसून कोडी सोडवत होता. शनिवारी सकाळी साडेसहाला विट्स्केने तंबूची चेन उघडली, तर आकाश लख्ख होतं आणि ईशान्येचा गार वारा सुटला होता. आमच्या बेटावर असं ऊन आणि असा वारा जोडीनेच येतात. कागद भरायचा दिवस तोच होता. कोरा कागद तिच्या झग्याच्या खिशात घडी करून ठेवलेला होता.

नऊला तिने काम सुरू केलं.

मैदानातली रीत अशी की कुणी काही उभारायला लागलं की शेजारी खुर्च्या घेऊन बसतात आणि बघतात. मदतीला कुणी उठत नाही. न मागता मदत करणं म्हणजे 'तुला येत नाही' असं सांगण्यासारखं आहे. फक्त मधून मधून विचारायचं, जमतंय का? आणि उभारणाऱ्याने, दोरीत मान अडकली असली तरी, म्हणायचं, जमतंय.

मागच्या अठ्ठेचाळीस नंबरात लुबर्ट होता. ड्रेंथे प्रांताकडचा, निवृत्त टपालवाला, टक्कल पडलेला, जिभेला हाड नसलेला. त्याचा बॉले नावाचा गोलमटोल म्हातारा कुत्रा त्याच्या पायाशी होता. एकतीस वर्षं हे शेजारी, पण दोन्ही जागांची तोंडं नैऋत्येला असल्यामुळे लुबर्टने डाउवेची पाठच जास्त बघितलेली.

"विट्स्के, जमतंय का?" लुबर्टने कपावरून विचारलं.

"जमतंय," विट्स्के वाळूत गुडघे टेकून म्हणाली.

"आणि राजेसाहेब काय करतायत?"

"राजेसाहेब आत कोडं सोडवतायत," तंबूतून डाउवेचा आवाज आला. "आडवा शब्द, नंबर सात, 'दुसऱ्याच्या कामात नाक खुपसणारा'."

"टपालवाला!" लुबर्ट खिदळला.

तिने कापड तसंच उभारलं जसं डाउवे पडवी उभारायचा, जसं तिच्या वडिलांनी उभारलं असतं, आणि मैदानातल्या झाडून सगळ्यांनी उभारलं होतं. वाऱ्याकडे पाठ, तोंड नैऋत्येला, म्हणजे दुपारचं आणि संध्याकाळचं ऊन सरळ आत. पुढच्या दोन काठ्या उंच, हात वर केला तर टेकेल इतक्या. मागच्या छातीएवढ्या, म्हणजे कुत्र्याच्या घरासारखं वाटायला नको. आठही पिशव्या भरल्या, पुरल्या, दोऱ्या ताणल्या. कापड ढोलासारखं ताठ झालं. शेजारच्या दोन खुर्च्यांतून टाळ्या पडल्या. कुणी फारच खूश झालं तरच आमच्यात तसं होतं.

साडेबाराला डाउवे बाहेर आला. लांब बाह्या, टोपी. काठ्यांवरचे थेंब बघून तो थबकला.

"ह्या माझ्या रोलरच्या काठ्या."

"तुझ्याच."

तांबड्या थेंबावर त्याने अंगठा फिरवला. मग सावलीत खुर्चीवर बसला. चीज घातलेला पाव खाल्ला, ताक प्याला. डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने म्हणाला, "बरं आहे."

विट्स्केचा जीव भांड्यात पडला. ती भांडी घेऊन नळावर गेली, रांगेत उभी राहिली, दोन बायकांशी गप्पा मारल्या, आणि बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसली.

परत आली तेव्हा साडेतीन झाले होते. डाउवेच्या गुडघ्यांवर ऊन होतं. त्याने खुर्ची मागे सरकवली. वीस मिनिटांनी ऊन पुन्हा गुडघ्यांवर. पुन्हा मागे. चारला त्याची टोपी छताला टेकली. साडेचारला कापडाखाली एक माणूस कुशीवर आडवा झाला तर मावेल एवढा पट्टा उरला, आणि बाकीची सगळी सावली मागच्या दोरीवरून पलीकडे लुबर्टच्या जागेत जाऊन पडली होती. तिच्या मधोमध बॉले चारी पाय पसरून घोरत होता.

डाउवे उठला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो अगदी शांतपणे म्हणाला, "तू खूप केलंस. हे काही तुझ्या हातात नाही." आणि वाकून तंबूत गेला. त्या उन्हात तंबू आतून भट्टीसारखा तापलेला. चेन वरपासून खालपर्यंत ओढल्याचा आवाज आला.

विट्स्के रिकाम्या खुर्चीत बसली. भर उन्हात, बिनटोपीची. तिला रडू आलं आणि ती रडली. सव्वा किलोचं कापड, सात दिवसांचा सराव, आठ पिशव्या, सगळं बरोबर केलं होतं. चुकलं कुठे ते तिला कळत नव्हतं, आणि हेच तिला सगळ्यात जास्त लागलं. सावली होती, डोळ्यांसमोर होती, नुसती तिच्या माणसाच्या अंगावर पडत नव्हती. दीड तासाने कोरा कागद तसाच खिशात राहणार होता आणि ती चकार शब्द काढणार नव्हती. पण जागेचं तिला काही नव्हतं. जागा गेली असती तरी तिने सोसलं असतं. नवऱ्याने पुढचं वर्षच परत करून टाकलं होतं, ते तिला सोसत नव्हतं.

मागे खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. लुबर्ट आपली खुर्ची घेऊन सावलीत येऊन बसला होता, बॉलेच्या शेजारी, पाय लांब करून.

"डाउवे!" तो तंबूकडे बघून ओरडला. "तुझी सावली फार झकास आहे रे! भाडं काय लावतोस?"

लुबर्टने वाकून कुत्र्याचे कान खाजवले.

"बॉले म्हणतोय, उद्या जरा लवकर पाठव. आम्हाला दोनलाच लागते."

"लुबर्ट, गप्प बस," विट्स्के नाक पुसत म्हणाली.

"अगं, मी आभार मानतोय. टपालखात्यात एवढी वर्षं काढली, पण बायकोने बांधावी आणि शेजाऱ्याला घरपोच यावी, अशी वस्तू पहिल्यांदा बघतोय."

चेन वर सरकली. डाउवे बाहेर आला, घामाने निथळत, टोपी हातात. पंधरा पावलं मागे, नळाच्या खोलीच्या भिंतीच्या सावलीपर्यंत गेला आणि तिथून कापडाकडे बघत उभा राहिला. मग सूर्याकडे हाताचा आडोसा धरून बघितलं. मग पुन्हा कापडाकडे. तो असा उभा राहायचा, ते विट्स्केला ओळखीचं वाटलं. एखादं घर रंगवायला घेण्याआधी तो रस्त्याच्या पलीकडे जाऊन असाच उभा राहायचा.

"तोंड कुणीकडे केलंयस?" त्याने विचारलं.

"नैऋत्येला. नेहमीसारखं. तूच तर..."

"मीच तर," डाउवे म्हणाला. "सावली करायला कापड आणलं आणि दार उघडून उन्हाला आत बोलावलं. मी सुद्धा सकाळपासून बघतोय आणि मला दिसलं नाही. विट्स्के, आपण दोघंही ठार वेडे आहोत."

"मी पण!" लुबर्ट म्हणाला. "सगळं मैदान वेडं आहे."

डाउवेने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. तो भिंतीच्या सावलीतून बोलत होता, पण विट्स्केशी कमी आणि स्वतःशी जास्त.

"एकेचाळीस वर्षं मी सावलीच्या मागे मागे शिडी फिरवली. सकाळी पश्चिमेची भिंत, दुपारी उत्तरेची, चारनंतर पूर्वेची. उन्हात लावला तर रंगाला फोड येतात. पोरं कामाला आली की पहिल्या दिवशी हेच शिकवायचो. दाराची चौकट, खिडकीची फळी, सगळं उन्हापासून राखलं." त्याने हातातली टोपी डोक्यावर चढवली. "आणि मग जुलैत इथे येऊन स्वतःचं कातडं तापवत पडलो. वाटायचं, वर्षभर सावलीत काढलंय, आता माझा वाटा वसूल करतो."

विट्स्के उठून उभी राहिली. "काय करू सांग."

"उन्हाकडची बाजू खाली घे. पार कमरेएवढी. मागची वर कर. कापडाची पाठ सूर्याकडे."

"म्हणजे तोंड वाऱ्याकडे?"

"वाऱ्याने कुणाला फोड आल्याचं ऐकलंयस?"

तिने पुढच्या दोन काठ्या पिळून सोडल्या आणि सरकवून आखूड केल्या. कापड फडफडायला लागलं. "काठी सुटतेय!" ती ओरडली, तर डाउवे भिंतीजवळून सरळ आला, टोपी घालून, आणि डाव्या हाताने मागची काठी खालून पकडली. तिने दोऱ्या सोडल्या, पुन्हा बांधल्या. "जरा डावीकडे," तो म्हणाला. "अजून. आता ताण." एकतीस वर्षांत पहिल्यांदाच काठी त्याने धरली होती आणि गाठ ती मारत होती. लुबर्टने एकदा अर्धवट उठून विचारलं, "जमतंय का?" आणि दोघं एकदम म्हणाले, "जमतंय." तो परत बसला.

कापड तिरकं झालं. सूर्याकडे कमरेएवढी पाठ, वाऱ्याकडे उंच उघडं तोंड. आणि सावली, जी मघाशी चिंचोळी होऊन पळून गेली होती, ती आता कापडाखाली सगळी भरली आणि तिथे न मावून पुढे पसरली, दोरीच्या पलीकडे, बॉलेवर, लुबर्टच्या खुर्चीवर. विट्स्केने दोन खुर्च्या उलट्या फिरवल्या. वारा तोंडावर येत होता, तिने डाउवेच्या गुडघ्यांवर घोंगडी टाकली.

दोघं बसले. समोर लुबर्ट. सूर्याकडे पाठ करून बसणं इतकं विचित्र होतं, जसं जेवणाच्या टेबलाकडे पाठ करून जेवावं. मैदानातली बाकी सगळी माणसं उन्हाकडे तोंड करून, डोळे मिटून बसली होती.

"तुझं तोंड असं आहे होय," लुबर्ट डाउवेला म्हणाला. "एकतीस वर्षं मला वाटत होतं, तू जरा देखणा असशील."

डाउवे हसला. ते हसणं धड होतं. विट्स्केने ते मार्चनंतर पहिल्यांदा ऐकलं.

तो उठून कापडाखालून हिंडायला लागला. उंच बाजूकडून बघितलं, दोरीला बोट लावून ताण बघितला, मागच्या कडेला जाऊन ऊन किती आत येतंय ते पावलांनी मोजलं. धुण्याच्या पिशवीतून चार लाकडी चिमटे आणून सावलीच्या कडेला वाळूत रोवले. "हे साडेपाचचे," तो म्हणाला. "उद्या तासातासाने लावू, म्हणजे खुर्ची कुठे टाकायची ते कळेल." मग वाकून उन्हाकडच्या कोपऱ्यातली पुरलेली पिशवी बघितली.

"ही फार जवळ घेतलीस. दोरी उभी पडते, ओढून निघेल. यंदा चालेल. पुढच्या वर्षी एक पाऊल लांब पुर."

विट्स्के पिशवीवर वाळू लोटायला खाली बसली होती, ओंजळीत वाळू होती. ती तशीच थांबली. डाउवेला आपण काय बोललो ते कळलं नव्हतं. तो दुसऱ्या पिशवीकडे गेला होता आणि तिलाही नावं ठेवत होता.

तिने वाळू सोडून दिली, हात झग्याला पुसले आणि खिशातला कागद काढला. चकार शब्द काढणार नाही, असं कबूल केलं होतं, तसं तिने काढलं नाही. पेन्सिल आणि कागद त्याच्या खुर्चीच्या हातावर ठेवला.

डाउवेने कागद बघितला, मग घड्याळ. सहाला अकरा मिनिटं होती. त्याने खुर्चीत बसून, गुडघ्यावरच्या घोंगडीवर कागद ठेवून, 'हीच जागा' समोर खूण केली आणि सही केली. मग जरा विचार करून सहीच्या खाली, जिथे कुणी काही लिहीत नाही तिथे, लिहिलं, 'तंबूचं तोंड ईशान्येला राहील.'

"पळ," तो म्हणाला. "ऑफिसातली ती बाई सहाच्या ठोक्याला पेटी उचलते."

विट्स्के निघाली. वाळूत पाय रुतत होते, धावता येत नव्हतं, तरी ती धावली. ऑफिसच्या वळणावर मागून लुबर्टचा आवाज आला, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा.

"विट्स्के! जमतंय का?"

तिला 'जमतंय' म्हणायचं होतं. पण धावून धाप लागली होती, म्हणून तिने मागे न वळता नुसता कागद उंच धरून हलवला.